अडीच मॅपचा हिशेब

कोण जिंकणार हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. निवडणूक असो, आयपीएल असो, नाहीतर समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन सख्ख्या भावांची कोर्टातली केस असो, चहाचा कप हातात आला की निकाल तयार. पण गेल्या काही वर्षांत आमच्या ताईच्या घरी भविष्यवाल्यांची एक नवीच शाखा उघडली आहे. कोण जिंकणार याच्याशी या शाखेला फारसं देणंघेणं नाही. त्यांचा प्रश्न एकच: मॅच किती मॅप जाणार? दोन की तीन?

शाखाप्रमुख माझा भाचा. खेळ काउंटर-स्ट्राइक. सभासद त्याचे कॉलेजचे मित्र. ही मंडळी रविवारी संध्याकाळी येताना लॅपटॉप, चार्जर आणि अफाट भूक घेऊन येतात. पैज वडापावची. ज्याचं भाकीत चुकेल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे वडापाव आणायचे, चटणी जास्तीची सांगून.

ज्यांच्या घरात असा भाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच जण विरुद्ध पाच जण. एका बाजूनं ठरलेल्या दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो लावू द्यायचा नाही, लावलाच तर चाळीस सेकंदांत निकामी करायचा. हा झाला एक राउंड. बारा राउंड झाले की बाजू बदलायची. जो आधी तेरा राउंड जिंकेल, मॅप त्याचा. बारा-बारा झालं तर ओव्हरटाइम. मॅप म्हणजे ज्या गावात, गोदामात किंवा अणुभट्टीत ही मारामारी चालते ती जागा. मोठ्या स्पर्धांमध्ये बहुतेक वेळा तीनपैकी दोन मॅप जिंकायचे असतात, म्हणजे मॅच एकतर दोनात आटपते नाहीतर तिसऱ्यावर जाते. झालं. एवढ्याशा 'एकतर-नाहीतर'वर जगभरात माणसं रात्र रात्र जागून डोकं शिणवतात.

ताईला या शास्त्राशी कर्तव्य नाही. तिचा प्रश्न घड्याळाचा असतो.

"किती वाजतील रे?"

"मॅपवर आहे."

"म्हणजे?"

"दोन गेले तर साडेअकरा. तीन गेले तर एक. ओव्हरटाइम लागला तर सांगता येत नाही."

"मी खिचडी कधी टाकू ते सांग."

"तिसरा मॅप लागला की टाक. दोनात संपली तर आम्ही बाहेरच खाऊ."

यावर ताई काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही. पण मला तिचं कौतुक वाटतं. कारण अख्ख्या घरात हा प्रश्न खऱ्या कामासाठी विचारणारी ती एकटीच. सामना युरोपात चालू असतो, तिकडे संध्याकाळ, आपल्याकडे मध्यरात्रीची वेळ. अमेरिकेत असला तर विचारूच नका.

आजी मात्र आवडीनं बसते. तिला पडद्यावरचं काही दिसत नाही, पण कानावर पडतं ते पुरतं. या मॅपमधल्या कोपऱ्या-कोपऱ्याला खेळाडूंनी नावं ठेवलेली असतात. इन्फर्नो नावाचं इटालियन गाव आहे, त्यातल्या वळणदार रस्त्याला सगळं जग 'बनाना' म्हणतं. ओव्हरपास हा बर्लिनमधला मॅप, त्यात सार्वजनिक स्वच्छतागृह हे मोक्याचं ठिकाण. न्यूक म्हणजे अणुऊर्जा केंद्र, तिथं उंचावरच्या सज्जाला 'हेवन' आणि त्याच्या खालच्या भागाला 'हेल'. त्यामुळे पोरं ओरडत असतात: "दोघं टॉयलेटमध्ये आहेत!" "बनाना सोडू नका रे!" "हेलमध्ये एक, हेवन रिकामं!" आजीनं एकदा जपमाळ थांबवून विचारलं, "नरकात एकच?" आणि पुन्हा माळ ओढायला लागली. तिच्या हिशेबानं आकडा कमी होता.

आता मूळ मुद्दा. दोन की तीन हे ओळखायचं कसं?

पहिली पायरी वेटो. स्पर्धेसाठी सात मॅपांची यादी असते. ती मधूनमधून बदलते, एक मॅप जातो, एक येतो, आणि त्यावरही पोरांच्या घरात सुतक पाळलं जातं. सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीनं बसतात. आधी दोघं एकेक मॅप उडवतात. मग दोघं एकेक मॅप निवडतात, हे झाले पहिला आणि दुसरा. उरले तीन, त्यातून पुन्हा एकेक उडवायचा. जो शेवटी शिल्लक राहतो तो तिसरा, डिसायडर. म्हणजे ज्या मॅपवर जगज्जेता ठरण्याची शक्यता असते तो मॅप कुणीच मागितलेला नसतो. दोघांनीही नकोसा म्हणून काढला नाही, एवढीच त्याची पात्रता. त्यावर आधी कुठल्या बाजूनं खेळायचं हे ठरवायला दोन्हीकडचे पाचही जण चाकू घेऊन एकमेकांवर धावतात. लाखो डॉलरच्या बक्षिसाची मॅच, प्रशिक्षक, मानसतज्ज्ञ, आकडेवारीचे लोक, आणि तिसऱ्या मॅपची सुरुवात चाकूनं.

वेटोवरून भाकीत करणारा एक मित्र आहे, त्याला आम्ही वकील म्हणतो. तो वेटो ऐकतो जसा आमचे आजोबा पत्रिका ऐकायचे. "यांनी ॲन्शंट उडवला म्हणजे यांना तिथं भीती आहे. त्यांनी मिराज उचलला, मिराजवर ते चांगले आहेत पण हेही वाईट नाहीत. डिसायडर इन्फर्नो. म्हणजे..." इथं तो चष्मा पुसतो. "म्हणजे दोघं आपापला मॅप घेणार. तीन." वकिलाचं प्रत्येक भाकीत तीनच असतं, कारण प्रत्येक वेटोत दोघांनी आपापल्या आवडीचाच मॅप घेतलेला असतो. नावडता मॅप निवडायला कोण बसलंय?

तरी वकिलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते गणितानं दाखवता येतं. दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत असं धरा. पहिला मॅप कुणीतरी जिंकतोच. तिसरा मॅप व्हायचा तर दुसरा मॅप दुसऱ्यानं जिंकायला हवा, आणि ती शक्यता निम्मी. म्हणजे तुल्यबळ संघांतसुद्धा तिसऱ्या मॅपची शक्यता पन्नास टक्केच. एक संघ सगळीकडे साठ टक्के वरचढ असेल तर ती 48 होते. सत्तर टक्के असेल तर 42. ऐंशी टक्के असेल तर 32. थोडक्यात, एक संघ दुसऱ्यापेक्षा बऱ्यापैकी भारी असला तरी तिसऱ्या मॅपची आशा फारशी ढळत नाही, आणि दोघं सारखे असले तरी ती निम्म्याच्या वर जात नाही. वरचढ कोण हे ओळखणाऱ्या तज्ज्ञालाही मॅपच्या आकड्याच्या बाबतीत त्याचा फार उपयोग होत नाही. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पोरं दोन मिनिटं गप्प होती. नंतर म्हणाली, "मामा, तुला गेम समजत नाही."

पण वेटो आला की गणित हलतं. समजा प्रत्येक संघ आपण निवडलेल्या मॅपवर सत्तर टक्के वेळा जिंकतो. दोघांनी आपलं घर राखलं, तर सत्तर गुणिले सत्तर, 49 टक्के. दोघांनी एकमेकांचं घर लुटलं, तर तीस गुणिले तीस, 9 टक्के. दोन्हीकडून एक-एकच होतं, म्हणजे तिसऱ्या मॅपची शक्यता 58 टक्के. वकील जिंकला. पण आठ टक्क्यांनी जिंकला, आणि आठ टक्क्यांच्या जोरावर माणूस किती आवाज चढवू शकतो हे त्याला बघितल्यावर कळतं.

दुसरा मित्र आकडेवाला. त्याच्या फोनवर प्रत्येक संघाची प्रत्येक मॅपवरची टक्केवारी असते. डेन्मार्कची एचएलटीव्ही नावाची संस्था 2002 पासून हा उद्योग करते आहे, आणि कुठल्या खेळाडूनं कुठल्या मॅपवर किती गोळ्या डोक्यात मारल्या इथपर्यंत सगळं तिच्या दप्तरी आहे. आकडेवाल्याला विचारलं, "किती मॅप?" की तो म्हणतो, "न्यूकवर यांचा विनरेट ब्याऐंशी टक्के." "किती मॅचचा?" "अकरा." अकरा मॅचवरून ब्याऐंशी टक्के काढणं म्हणजे नऊ जिंकल्या, दोन हरल्या. त्यातली एक दुसऱ्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, एक ऑनलाइन, आणि उरलेल्यांत अर्ध्या मॅच अशा संघांशी ज्यांची नावं त्यांच्या आयांनाही पाठ नसतील. पण 'ब्याऐंशी टक्के' म्हटलं की समोरचा गप्प बसतो. 'अकरातल्या नऊ' म्हटलं की तो भांडायला उठतो.

आकडेवाल्याचे दिवस कधीतरी खरंच चांगले होते. 2012-13 मध्ये स्वीडनचा निंजाज इन पायजमाज नावाचा संघ (हे नाव त्यांनीच स्वतःहून घेतलंय) प्रत्यक्ष मैदानावरच्या स्पर्धांत सलग 87 मॅप हरला नाही. त्या काळात किती मॅप हे विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढत असतील. दोन. नेहमी दोन. 2013 मध्ये व्हर्चुस प्रो या संघानं ती मालिका मोडली आणि भविष्य सांगण्याच्या धंद्याला पुन्हा बरकत आली. त्यानंतर काही वर्षांनी डेन्मार्कच्या ॲस्ट्रालिसनं न्यूकवर सलग 31 विजय मिळवले. एका मॅपवर एवढी मक्तेदारी असली की भाकीत सोपं व्हायला हवं ना? उलट अवघड झालं. कारण समोरचा न्यूक आधीच उडवणार की नाही, यावरच सगळं येऊन ठेपायचं. ज्या मॅपबद्दल सगळ्यांत जास्त माहिती तोच मॅप बहुतेक वेळा खेळायलाच येणार नाही.

आता इतिहास बघू, कारण इतिहासानं या शाखेची जी फजिती केली आहे ती कुणी केली नाही. काउंटर-स्ट्राइकच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेला मेजर म्हणतात. जानेवारी 2018 मध्ये बॉस्टनला मेजरची फायनल झाली, क्लाउड नाइन विरुद्ध फेझ. पहिला मॅप फेझनं 16-14 असा घेतला. दुसरा क्लाउड नाइननं 16-10. तिसरा इन्फर्नो. तेव्हा मॅप जिंकायला सोळा राउंड लागायचे. फेझ 15-11 नं पुढे. एक राउंड, फक्त एक राउंड, आणि मेजर खिशात. चार संधी मिळाल्या, चारही गेल्या. 15-15. ओव्हरटाइम. त्यात पुन्हा बरोबरी. दुसरा ओव्हरटाइम. क्लाउड नाइन 22-19. एकूण 97 राउंड. अमेरिकेच्या संघानं मेजर जिंकण्याची ती पहिली वेळ. अशी फायनल बघितल्यावर कुणीही म्हणेल की फायनल म्हणजे तीन मॅप, काळजाचे ठोके, ओव्हरटाइम.

पुढची फायनल लंडन 2018. दोन-शून्य. काटोविच 2019. दोन-शून्य. बर्लिन 2019. दोन-शून्य. स्टॉकहोम 2021. दोन-शून्य. अँटवर्प 2022, रिओ 2022, पॅरिस 2023. दोन-शून्य, दोन-शून्य, दोन-शून्य. सलग सात मेजरच्या फायनली तिसऱ्या मॅपपर्यंत पोचल्याच नाहीत. मधल्या काळात वकिलासारख्या माणसांनी किती वडापाव आणले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

सातव्यानंतर मात्र सगळ्यांना शहाणपण आलं. फायनलला एक संघ आधीच्या सामन्यात दमलेला असतो, फायनलचं दडपण एकाच बाजूला बसतं, पहिला मॅप गेला की मान खाली जाते, अशी कारणं तयार झाली. फार पटण्यासारखी कारणं. मीही मान डोलावली होती. मग कोपनहेगन 2024. दोन-एक. शांघाय 2024. दोन-एक. ऑस्टिन 2025. दोन-एक. लागोपाठ तीन. आणि कारणंही तयारच: नवा काउंटर-स्ट्राइक 2, सोळाऐवजी तेरा राउंडांचे मॅप, मॅप छोटा झाला की अनपेक्षित निकाल जास्त लागतात, म्हणून मॅच लांबते. हे कारणही पटण्यासारखंच. पण नाणं सात वेळा छाप पडल्यावर तीन वेळा काटा पडलं, तर त्यात नाण्याचं काही तत्त्वज्ञान असतं का? आमच्या शाखेत हा प्रश्न विचारायला बंदी आहे.

यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच. स्टॉकहोमची ती दोन-शून्य फायनल, नावी विरुद्ध जी-टू. पहिला मॅप 16-11, दुसरा दोन ओव्हरटाइमनंतर 22-19. बॉस्टनचाच आकडा, फक्त दुसऱ्या मॅपवर. बेरीज करा, 68 राउंड. आणि कोपनहेगनची दोन-एक फायनल, नावी विरुद्ध फेझ: 13-9, मग 2-13, मग 13-3. बेरीज 53. तीन मॅपांची मॅच दोन मॅपांच्या मॅचपेक्षा पंधरा राउंड लहान! आता कोपनहेगनच्या वेळी मॅपच छोटे झाले होते, हे कबूल. पण तरी बघा, तिसऱ्या मॅपपर्यंत गेलेल्या त्या मॅचमध्ये दोन मॅप अक्षरशः एकतर्फी होते. 2-13 खाल्लेला संघ पुढच्याच मॅपवर 13-3 मारतो. चुरशीची मॅच म्हणजे तीन मॅप, ही समजूत तिथंच मोडायला हवी होती. मोडली नाही. ताईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मॅप किती हे कळूनही वेळ कळत नाही?" नाही कळत. शाखेचं सगळं शास्त्र एका वाक्यात निकालात काढणारी ती पहिली व्यक्ती. पोरांना मी हे सांगितलेलं नाही.

वेळेचं भाकीत म्हटलं की मला पुण्याची विसर्जन मिरवणूक आठवते. दरवर्षी बैठका होतात, मंडळं शब्द देतात, यंदा मिरवणूक लवकर संपणार असं जाहीर होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजतच असतात. कोणी फसवत नाही. सगळ्यांना मनापासून वाटत असतं की यंदा आटपेल. काउंटर-स्ट्राइकचे समालोचक याच जातीचे. "कागदावर ही टू-झिरो वाटते, पण यांनी आपल्या मॅपवर चांगली सुरुवात केली तर सहज तीन जाऊ शकते, अर्थात पिस्तूल राउंड कोण घेतो त्यावर बरंच अवलंबून आहे." या वाक्यात दोनही आहे, तीनही आहे, पिस्तूलही आहे. काय चुकायचं बाकी राहिलं?

आमच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. 2000 नंतरच्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत आम्हीही काउंटर-स्ट्राइक खेळलो. जुनं, 1.6. मॅप एकच असायचा, डस्ट टू. दुसरा मॅप लोड केला की कुणीतरी हटकून किंचाळायचं, "अरे डस्ट लाव ना!" मॅच किती चालणार हे खेळाडू ठरवत नसत, वेटो ठरवत नसे. काउंटरवरचा माणूस ठरवायचा. त्याच्या वहीत आत आल्याची वेळ लिहिलेली असायची आणि तास भरला की तो तिथूनच ओरडायचा, "टाइम संपला, वाढवायचा असेल तर पैसे आधी." त्यामुळे खिशातले पैसे मोजले की भाकीत अचूक यायचं. इतकी अचूक भाकितं आजच्या आकडेवाल्यानं आयुष्यात केली नसतील.

डोटा नावाचा दुसरा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. एप्रिल 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई ही डोटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्या खेळात मॅप जन्मापासून एकच. गेम किती होणार हे लोक विचारतात, मॅप किती हे विचारलं तर तिकीट परत मागून घेतील.

आता जरा नाजूक विषय. आपल्याकडे वडापाववर भागतं, पण बाहेर या प्रश्नावर खरे पैसे लागतात. तिथं दोन की तीन असं विचारत नाहीत. पाटीवर लिहिलेलं असतं 2.5. अडीचच्या वर की खाली? अडीच मॅप कधीच खेळले जात नाहीत. मॅप अर्धा सोडून कुणी घरी जात नाही. पण अडीच लिहिलं की बरोबरीची भानगड राहत नाही, माणूस एका बाजूला पडतोच. अडीचकी आणि औटकी घोकून वाढलेल्या आपल्या पणजोबांना हा धंदा किती सोपा गेला असता! भारतात मात्र ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला रीतसर मान्यता दिली. म्हणजे मॅच बघा, खेळा, बक्षीस जिंका, पण अडीचच्या वर-खाली पैसे लावू नका. मला हे मान्य आहे. ज्या खेळात 2014 मध्ये आयबायपॉवरसारखा अमेरिकेतला नावाजलेला संघ मुद्दाम हरला आणि त्यापायी त्याच्या खेळाडूंवर जानेवारी 2015 मध्ये बंदी आली, त्या खेळात पैसे लावणाऱ्याची कीव यावी.

त्याहून जास्त कीव फोनवर 'खात्रीची टिप' विकत घेणाऱ्यांची येते. भाच्याच्या एका वर्गमित्राला असा एक गुरू भेटला होता. गुरूचं भाकीत सलग चार वेळा बरोबर आलं. पोरगा भारावून गेला. मी त्याला विचारलं, "हा गुरू किती जणांना टिप पाठवतो?" "हजारएक असतील." "सगळ्यांना एकच पाठवतो हे कुणी बघितलंय?" निम्म्यांना दोन पाठवा, निम्म्यांना तीन. ज्या निम्म्यांचं चुकलं ते निघून जातात. राहिलेल्यांना पुन्हा तसंच. चार मॅचनंतर हजारातले साठेक जण असे उरतात ज्यांना तुम्ही देव वाटता. पाचव्या टिपचे पैसे घ्यायचे. यासाठी काउंटर-स्ट्राइक कशाशी खातात हेही माहीत असायची गरज नाही. पोरगा बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "पण माझ्या वेळी तर बरोबर आलं होतं." ते साठातले असतात ना, त्या प्रत्येकाच्या वेळी बरोबरच आलेलं असतं.

शाखेत मला पटणारा माणूस एकच. तो अगदी शेवटी येतो, कोपऱ्यात बसतो आणि वेटो व्हायच्या आधीच "दोन" म्हणून मोकळा होतो. नेहमी दोन. कुठलाही संघ, कुठलाही मॅप. कारण विचारलं तर सांगतो, "उद्या सकाळी सातची लोकल आहे." त्याचं भाकीत निम्म्या वेळा बरोबर येतं. वकिलाचं तीन निम्म्या वेळा बरोबर येतं. आकडेवाल्याचंही साधारण तेवढंच, फक्त त्याला जास्त बॅटरी लागते. कोपऱ्यातल्या माणसाला मात्र निकाल काहीही लागला तरी सकाळी सातची लोकल मिळते, कारण दुसऱ्या मॅपनंतर तो उठून जातो. तिसऱ्या मॅपचा वडापाव त्यानं कधी बुडवलेला नाही. दुसऱ्या दिवशी निमूटपणे घेऊन येतो.

आता तर सगळ्यांचीच पंचाईत झाली आहे. लागोपाठ तीन फायनली दोन-एक झाल्या, सगळे 'तीन' म्हणायला शिकले, आणि डिसेंबर 2025 मध्ये बुडापेस्टच्या मेजरला फायनलच बेस्ट ऑफ फाइव्ह ठेवली. म्हणजे तीन मॅप जिंकायचे, आणि मॅच तीन, चार किंवा पाच मॅप चालणार. व्हायटॅलिटीनं फेझला 3-1 नं हरवलं. चार मॅप. शाखेत त्या दिवशी कुणाचंही भाकीत बरोबर आलं नाही, कारण तिघं पाच म्हणाले होते आणि कोपऱ्यातला माणूस तीन.

पाच म्हणायची चूक तुम्ही करू नका. मी गणित करून बघितलंय. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ असले तर तीन मॅपांची शक्यता 25 टक्के, चारची साडेसदतीस आणि पाचचीही साडेसदतीस. एक संघ मॅपागणिक साठ टक्के वरचढ असला तर चारची 37, पाचची 35 आणि तीनची 28. पाच कधीच चारच्या पुढे जात नाही. एकच संघ फार भारी असला, सत्तर टक्क्यांच्या आसपास, तरच तीन पुढे निघतं. तेव्हा पुढची मेजरची फायनल लागली आणि समोर एकतर्फी मामला दिसत नसला, तर डोळे मिटून चार म्हणा, आणि सोमवारी सकाळी नऊची मीटिंग कुणाला देऊ नका.